तारा तुटला आणि सासू सापडली

परवा अवसेला जे झालं ते लिहूनच टाकते... सांगून सांगून तोंड दुखलं.

आमचं मिठागर ठाण्याच्या खाडीला लागून. दुपारी सासूशी माझं वाजलं. तिला रातांधळेपणा, गुडघे गेलेले, तरी फावडं सोडत नाही. मी सरळ म्हटलं, आता घरी बसा, मिठागर आम्ही बघतो.

दिवे लागले तरी म्हातारी घरात नाही. खाडीत अवसेची मोठी भरती चढायला लागलेली, आणि हिला अंधारात हातभरावरचं दिसत नाही. काही झालं असतं तर गावानं मलाच धरलं असतं. बरोबरच धरलं असतं.

नवरा, चुलत दीर धोंडू आणि मी, कंदील घेऊन बांधावरून हाका मारत निघालो. वारा उलटा, हाका मागेच उडत होत्या.

एवढ्यात वाफ्यांतलं पाणी हिरवं-पांढरं झालं. वर बघितलं तर हा एवढा गोळा... आगगाडीच्या इंजिनाच्या दिव्यासारखा, मागे ठिणग्यांचं शेपूट, मुंब्र्याच्या डोंगरावरून सरळ खाडीकडे. मिठाच्या राशी भर दुपारसारख्या लखलखल्या.

आमच्यात तारा तुटला की कुणीतरी गेलं म्हणतात, डोळे मिटून हात जोडतात. दोघांनी मिटले. धोंडू हळूच म्हणाला, "वहिनी, म्हातारी गेली. चला, आंघोळी करून घेऊ."

मला कुठला धीर... मी उघड्या डोळ्यांनी बघत होते. लांब उघाडीवर, जिथून खाडीचं पाणी आत घेतो तिथं, डोक्यावर पदर घेऊन ती बसलेली दिसली. पुन्हा काळोख, मग आभाळ गडगडलं. तोवर मी पळत सुटले होते.

उघाडीच्या फळ्या घट्ट बसवलेल्या. ते काम माझं... भांडणाच्या नादात विसरले होते. भरती आत शिरली असती तर सगळं मीठ विरघळलं असतं. फळ्या लावेपर्यंत अंधार पडला, म्हणून ती शहाणी एका जागी बसून राहिली.

माझा हात चाचपून म्हणाली, "तारा मलाही दिसला गो. माझ्या नावानं आंघोळ उरकलीस की नाही?"

मी हसले की रडले, आठवत नाही.

फळ्या लावायला कोण विसरलं, ते तिनं घरात अजून काढलेलं नाही. आता इथं मीच लिहिते... आणि आज सकाळी तिचं फावडं मीच तिच्या हातात दिलं.