आईचा आकडा

आईच्या मनगटावर नाडी मोजणारा तो पट्टा बांधला, तेव्हा ती आधी भरपूर कुरकुरली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? मला बरं हाय का न्हाई, ते माझं मला कळतंय की." तिचं हृदय अशक्त झालं होतं आणि कर्जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नव्हती. फोन करायचा तर माझ्या धाकट्या भावाला विहिरीजवळच्या उंचवट्यावर जाऊन उभं राहावं लागे. म्हणून आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांनी तिचं नाव या पट्ट्याच्या योजनेत घातलं होतं.

पट्टा बांधायला आलेल्या इंजिनियर मुलीनं समजावून सांगितलं, की याला मोबाईलची रेंज लागतच नाही. दूर गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक अँटेना बसवलाय, पट्टा तिथपर्यंत नाडीचे ठोके कळवतो आणि तिथून ते सिस्टरांच्या आणि माझ्या मोबाईलवर येतात. बॅटरीही महिनोन् महिने पुरते. "काकू, हा अगदी थोडं बोलतो, म्हणून त्याचं लांबवर पोचतं." आईनं माझ्या वडिलांकडे बघितलं. "मग ह्यांच्याच हातात बांधा. ह्यांचं न् त्याचं चांगलं जमंल."

अण्णा नुसते हसले.

पुढे अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे शहरात, सावेडीला आले. आई आली नाही, कारण शेळ्या. अण्णांच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं आणि दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा, त्यामुळे त्यांना मोबाईल दिसायचा नाही. "काय म्हणतोय आकडा?" असं ते मला विचारायचे. मला असल्या यंत्रांचा मनापासून राग येतो. माणसाची खुशाली माणसाला विचारावी, आकडे काय बघायचे! पण अण्णांनी त्या आकड्यावर चक्क संसार मांडला. सत्तर सांगितला की म्हणायचे, "निवडत बसलीय." एकदा एकशे दहा आला. मी घाबरले, तर हे शांतपणे म्हणाले, "शेळीमागं पळाली आसंल." संध्याकाळी भावानं उंचवट्यावरून फोन लावून दिला, तेव्हा आई स्वतःच ओरडून सांगत होती, "आवं, ती काळी शेळी पार ओढ्याला गेल्ती!" अण्णा रात्री झोपेपर्यंत खुशीत होते. इतक्या वर्षांत त्यांनी आईबद्दल माझ्याशी जेवढं बोलणं केलं नव्हतं, तेवढं त्या आठवड्यात केलं.

कधी आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी लगेच सिस्टरांना फोन लावला होता. सिस्टर स्कूटीवरून तातडीनं वस्तीवर गेल्या, तर बाईसाहेबांनी अंघोळीला जाताना पट्टा काढून बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलेला. त्यामुळे त्या दुपारी रेघ आली तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. "अंघोळीला गेली आसंल," अण्णा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

रेघ गेली नाही. मी भाजी चिरता चिरता दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा रेघेखाली दोन शब्द आले होते : निरीक्षण बंद. सिस्टर वस्तीवर पोचल्याशिवाय आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी स्वतः पट्ट्यावरचं बटण दाबल्याशिवाय ते शब्द येत नाहीत, हे मला माहीत होतं.

थोड्या वेळानं भावाचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता. "आक्का, आईला जास्त झालंय. अण्णांना घेऊन नीघ."

आमच्याकडे मरण फोनवर सांगत नाहीत. ज्याला वाट चालून यायचंय त्याला "जास्त झालंय, या" एवढंच म्हणतात. सांगणाऱ्याला खरं ठाऊक असतं, ऐकणाराही बहुधा ओळखतो, पण त्या एका वाक्याच्या आधारानं माणूस चप्पल घालतो, गाडीत बसतो, घरापर्यंत पोचतो. मधल्या वाटेवर कुणी ओळखीचं भेटलं की थोडं अजून सांगतं, आणि दारात येईपर्यंत माणसाच्या मनाची तयारी झालेली असते. त्या यंत्राला ही रीत कुठून माहीत असणार! भावाला मात्र ती माहीत होती. त्याला ते खोटं बोलताना किती जड जात होतं, ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "व्हय, लगेच निघतो."

अण्णांना उठवून भावाचाच निरोप सांगितला आणि शेजाऱ्यांच्या ओळखीची गाडी ठरवली. सोलापूर रस्त्याला लागलो आणि अण्णांनी विचारलं, "काय म्हणतोय आकडा?"

माझ्या हातात रेघ होती. मी म्हटलं, "ऐंशी."

"ऐंशी?" ते एकदम सरळ बसले. "मग बरी हाय की! तुझा भाऊ लई भित्रा. उगं गाडी करायला लावली." पुढच्या पाव तासानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा ऐंशी सांगितलं. त्यांची कळी खुलली. मिरजगावात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि आईसाठी मोसंबी घेतली. एकेक मोसंबं दाबून, हुंगून, निवडून घेतलं. मी शेजारी पिशवी धरून उभी होते. आई गेली होती, आणि मला रडायचीही सोय नव्हती.

गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी फार मोठी चूक करतेय. भावानं मला पहिली पायरी उतरवून दिली होती आणि मी अण्णांना पुन्हा वर चढवून ठेवलं होतं. असेच ते हातात मोसंबी घेऊन दारात उतरले असते. त्यांना खाली आणायला माझ्याशिवाय गाडीत कुणी नव्हतं.

पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सदुसष्ट."

"पडली आसंल जरा."

मग मी "अठ्ठावन्न" म्हटलं. ते म्हणाले, "झोप लागली." मग मीच, त्यांनी न विचारता, "पन्नास" म्हटलं. यावर आई काय करत असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर ज्वारीची रानं होती, त्यांना ती दिसत नव्हती. माझी आई दुपारीच शांतपणे गेली होती आणि मी तिला त्या रस्त्यावर पुन्हा थोडी थोडी मारत होते. त्याहून अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

कर्जतच्या अलीकडे मी म्हटलं, "अण्णा, बेचाळीस."

त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि माझा मोबाईल पालथा घातला.

"आता अजून खाली नको जाऊ, माय. कळलं मला."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मग अण्णांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"दुपारी. तुम्ही झोपला होता."

"दुपारी?" ते माझ्याकडे वळले. "मग एवढा वेळ एकटीच घेऊन बसलीस व्हय?"

तिथं माझा बांध फुटला. मी लहान पोरीसारखी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. डॉक्टरांनी त्यांना डोळ्याला थेंबभरही पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून रडता रडताच मी पदरानं त्यांचं फडकं कोरडं ठेवायला बघत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि उपरण्यानं आधी माझे डोळे पुसले.