पाव्हण्यांपुढं सुधारलेला देश

घर क्रमांक अकरा, प्रश्न तिसरा. "गेल्या वर्षाच्या तुलनेत देशाची आर्थिक स्थिती सुधारली, तशीच आहे, की बिघडली?"

किसनरावांनी माझ्याकडं न बघता समोर बसलेल्या पाव्हण्यांकडं बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "सुधारली की! लय सुधारली."

मी घरोघरी जाऊन सर्व्हे करते. देशाचं आणि स्वतःच्या घराचं कसं चाललंय असं लोकांना वाटतं, ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. असे हजारो फॉर्म एकत्र करून मग पेपरात येतं, लोकांचा भरवसा वाढला किंवा घटला. घरं आम्ही निवडत नाही. सॅम्पल म्हणजे चिठ्ठी निघावी तशी निघालेली घरं. त्यांच्याऐवजी शेजारचं घर चालत नाही.

ताडकळसच्या या घरी त्या दिवशी किसनरावांच्या मुलासाठी बघितलेल्या मुलीचे वडील, सुभाषराव, गंगाखेडहून आले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते. आता मुलीकडच्यांनी घरदार बघायचं आणि मग तारीख. मी "उद्या येते" म्हणाले, तर किसनराव म्हणाले, "बसा वं ताई. आमचं लपवायचं काय हाय?"

मुलाखत चारचौघांत घ्यायची नाही, असा नियम आहे. पण दिवसाला दहा घरांचं टार्गेट, आणि हे त्या दिवसाचं नववं. बसले.

उत्पन्न? वाढलं. रोजगार? "पोरगा पुण्याला कंपनीत हाय, लिवा." पुढचं वर्ष? "याच्याहून ब्येस." कुठल्याही मध्यस्थाला जमलं नसतं असं सर्टिफिकेट मी फुकटात देत होते. सुभाषराव मन लावून ऐकत होते. मी निघाले तेव्हा त्यांनी माझा नंबरही घेतला.

संध्याकाळी परभणीहून सुपरवायझर साहेबांचा फोन आला.

"मॅडम, अकरा नंबरला सगळंच सुधारलंय? गावात तेवढ्याच घरात स्वर्ग उतरलाय का?"

"सर, पाव्हणे होते."

"मग फॉर्म पाव्हण्यांसाठी भरलात. बॅकचेक करा."

बॅकचेक म्हणजे परत जाऊन तेच प्रश्न नव्यानं विचारणं. सकाळी गेले. किसनरावांच्या बायकोनं चहा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी खरं बोला. पाव्हणे गेले."

"रस्ता झाला, ते खरं हाय," किसनराव म्हणाले. "गॅस आला, तेबी खरं. पण पोराचं कंत्राट दिवाळीला संपायलंय आन् पुढचं कुनी सांगंना. घरात येतंय त्याच्या आदीच जायलंय. लिवा, बिघडली." मग त्यांनी हात जोडले. "पण ताई, सोयरीक मोडू देऊ नका."

मला फार वाईट वाटलं. नियम मी पाळला असता तर ही वेळच आली नसती.

दुपारी सुभाषरावांचा फोन. "जयभीम ताई. काल त्यांनी लिवून दिलं, ते खरं हाय का? एकुलती एक पोर हाय माझी."

"दादा, ते गोपनीय असतं. मला सांगता येत नाही."

"मंग समजलं मला."

बोलले तर नोकरी जाणार, गप्प बसले तर लग्न. तोंडातून सवयीनं निघालं, "दादा, तुमच्या घरचं कसं आहे? सुधारलं, तसंच आहे, की बिघडलं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "कारखान्यात हंगामी हाय मी. त्यांना पर्मनंट सांगितलंय."

"मग ताडकळसची बस किती वाजता आहे?" मी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी ते एकटेच परत ताडकळसला गेले. ते आणि किसनराव काय बोलले, मला माहीत नाही. मी नियम मोडला की नाही, तेही साहेबांना विचारलेलं नाही. लग्न मात्र झालं. विहारात, दोन्हीकडची मिळून शंभरेक माणसं, बँड नाही, घोडा नाही. मलाही बोलावलं होतं. सुभाषरावांनी माझ्या ताटात जिलेबी वाढली आणि हसत म्हणाले, "ताई, बरोबरीचं स्थळ मिळालं बगा."

तेव्हापासून दारात पाव्हण्यांच्या चपला दिसल्या की मी स्कूटर तशीच पुढं नेते आणि दुसऱ्या दिवशी येते. टार्गेट राहतं, साहेब ओरडतात. पण देशाची खरी हालत माणूस पाव्हणे गेल्यावरच सांगतो.