होडी माझी, पण नारळी पौर्णिमेला…

मंडळी, आज मी आणि सुजय लग्नाआधीचा करार करायला ठाण्यात वकीलबाईंकडे गेलेलो. मी बाळकुमची कोळीण. बाबा गेल्यावर त्यांची होडी माझ्याकडे आली. ती माझीच राहील, एवढंच मला लिहून हवं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, "कोर्ट हे मानेलच असं नाही हं. पण मनातलं तरी स्पष्ट होतं." मग सुजयला विचारलं, "तुमची काही अट?"

डोंबिवलीचा हा पोरगा पाण्याला जाम घाबरतो. हळूच म्हणाला, "वेगळे झालो, तरी नारळी पौर्णिमेला मला होडीत बसू द्यायचं."

वकीलबाई टाइप करायच्या थांबल्या.

तिथून परत आल्यापासून मी खाडीवर बसलेय. रिकामी होडी डुलतेय आणि मला तिच्यात तो दिसतोय, काठ घट्ट धरून बसलेला.

आता अशा माणसापासून वेगळं कसं व्हायचं, सांगा बरं?