दाक्षायणीची जीभ रजेवर

भवानी पेठेत दाक्षायणीची शेंगा चटणी सगळ्यांना हवी असायची आणि तिची जीभ कुणालाच नको. चटणीतलं मीठ ओळखावं तिनं, आणि समोरच्याचा पाणउतारा करावा तोही तिनंच! दानेश्वरी तिची सून होऊन आली त्याला आठ वर्षं झाली. शेंगा भाजून, लसूण सोलून, उखळात कुटून तिच्या हाताला घट्टे पडले, पण मीठ घालायचं? छे, ते सासूबाईंचं काम.

तर अशा बाईची हिरडी सुजली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. जेवल्यावर घ्या, मधेच सोडू नका, असं बजावून विचारलं, "दारू घेता का? या गोळीबरोबर अजिबात चालत नाही. संपल्यावरही तीन दिवस नाही."

"लिंगायताची बाई मी, गळ्यात इष्टलिंग हाय माज्या! आन् दारू इचारता व्हय?"

बाईंनी हात जोडले. "सगळ्यांनाच विचारावं लागतं, मावशी."

तिसऱ्या दिवशी पंचाईत झाली. वळसंगच्या बहिणीच्या नातीचं लग्न, शिदोरीची दहा किलो चटणी न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता. दाक्षायणीनं चिमूटभर चाखली आणि थुंकलीच. "गंजका खिळा चघळल्यागत लागतंय की!" दाणे बदलले, खिळाच. मीठ बदललं, खिळाच. शेवटी साधं पाणी प्याली, तर तेही तसंच. "माजी जीभ गेली गं," म्हणत ती चक्क रडली आणि गोळ्या फेकायला निघाली.

दानेश्वरीनं तिचा हात धरला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. या गोळीनं तोंडाला धातूची चव येते, बाई म्हणाल्या; कोर्स संपला की जाईल. अंगावर पुरळ आलं, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच कळवा, पण नुसत्या चवीपायी सोडू नका.

"आन् आजची चटणी?" दाक्षायणी फोनवर ओरडली. त्यावर बाईंकडे औषध नव्हतं.

उन्हं कलली, तेव्हा कुठं तिनं चटणीचं ताट सुनेपुढं सरकवलं. दानेश्वरीनं चाखलं. "आत्याबाई, मीठ कमी हाय."

"कमी? मी घातलेलं?"

"व्हय. चमचाभर."

"घाल मग! बिघडलं तर बघते तुला."

गोळ्या संपल्या आणि सातव्या दिवशी सकाळी चहा गोड लागला. कुणी बघत नाही असं पाहून दाक्षायणीनं सुनेनं कालच कुटलेली चटणी तोंडात टाकली. मीठ नेमकं होतं. डोळे मिटून तिनं आणखी एक चिमूट खाल्ली.

"आली का चव, आत्याबाई?" मागून दानेश्वरीनं विचारलं.

"कुठली यायला! अजून खिळाच हाय," दाक्षायणी तोंड पुसत म्हणाली. "आजपन तूच घाल मीठ."