वालात गेला की आऊट

“यात आऊट कसं व्हायचं?” मोबाइल कंपनीच्या मेहता साहेबांनी विचारलं. पाचचं बटण दाबलं की सिक्स. परत दाबलं की परत सिक्स. दोन ओव्हर त्यांनी तेवढंच केलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

तो कीपॅडच्या फोनांचा काळ. ठाण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही फोनवरचे खेळांचे गेम बनवायचो. नव्या वर्षाचा सगळा प्लॅन या एका क्रिकेटवर उभा होता. मेहतांनी घेतलं तर पुढे कबड्डी, मग खोखो. नाही घेतलं तर आमची चौघांची टीम बंद. हे कुलकर्णी सरांनी आमच्यापासून लपवलं नव्हतं. बॉस असूनही ते सांगताना त्यांचंच तोंड उतरलं होतं.

गेम किती सोपा आणि किती अवघड ठेवायचा, याला आम्ही बॅलन्स म्हणतो. आमटीत मीठ असतं, तसं ते. मी प्रोग्रॅमर, म्हणजे मीठ माझ्या हातात. बोलर फास्ट केला तर कोणाचीच बॅट लागेना. स्लो केला तर परत सिक्सच सिक्स.

“मोठ्या खेळाडूंचे चेहरे टाकू या,” सर म्हणाले.

“सर, एवढ्याशा स्क्रीनवर चेहरा म्हणजे चार ठिपके. आणि परवानगी कोण देणार?”

रविवारी मी शहापूरच्या घरून टोकावड्याला, मामाच्या गावी गेले. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात टूर्नामेंट चालली होती. शेजारी मामीचा वाल हिरवागार उभा. बॉल वालात गेला की बॅट्समन आऊट, हा तिथला नियम. नाहीतर बॉल शोधायला दहाजण घुसतात आणि पीक तुडवतात. गंमत म्हणजे ती बाजू सगळ्यात जवळची, त्यामुळे तिकडेच मारायला ज्याचे त्याचे हात शिवशिवायचे. मामी बांधावर ठाण मांडून बसलेली.

गावच्या एका जावयाने उंच फटका हाणला. लोक “सिक्स!” म्हणून ओरडले. मामी उठली.

“आऊट!”

“बांधावर पडला हो, काकी!”

“पावनं, माज्या शेंगा हालल्या. ठेवा बॅट.”

अंपायरने मुकाट्याने बोट वर केलं. जावई असून कोणी त्याची बाजू घेतली नाही. मी हसून हसून बेजार झाले आणि हसता हसताच मला माझं मीठ सापडलं.

सोमवारी कामाला लागले. मैदानाची एक बाजू जवळ आणली, तिथे वाल पेरला. बॉल त्यात पडला की आऊट आणि बांधावर लुगड्यातली बाई कमरेवर हात ठेवून हजर.

“ही कोण?” सरांनी विचारलं.

“माझी मामी.”

“नव्या वर्षाच्या प्लॅनमध्ये मामी? अगं, मेहता आपल्यालाच आऊट करतील!” असं म्हणाले खरे, पण बिल्ड, म्हणजे खेळून बघायची कॉपी, घेऊन तेच माझ्यासोबत निघाले.

मेहतांनी पहिलाच बॉल वालात घातला.

“अरे, हा तर सिक्स होता! असा रूल कुठे असतो? काढून टाका ही बाई.”

पण तोंडाने “काढा” म्हणणाऱ्या मेहतांचा अंगठा काही थांबेना. दुसऱ्यांदा आऊट. तिसऱ्यांदा आऊट. चहावर साय धरली.

“मग, काढायची का बाई?” सरांनी हळूच विचारलं.

“थांबा हो! आधी हिला हरवू तर द्या.”

गेम पास झाला. टीम राहिली. मला तर तिथूनच धावत जाऊन मामीच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पुढच्याच सुट्टीत फोन घेऊन टोकावड्याला गेले. मामीने तो हातभर लांब धरला, बटण दाबलं आणि बॉल नेमका वालात. बांधावरची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आऊट झालीस, मामी.”

“हा वाल कोनाचा गो?”

“तुझाच.”

“मंग माज्याच शेतात मला आऊट देनारी ही कोन? नाय चालायचा. टाक बॉल.”

मी निमूटपणे तिला परत बॅटिंग दिली. तेव्हापासून एक धडा पक्का झालाय. नियम ज्याचा असेल, त्याला गेम टेस्ट करायला देऊ नये. तो कधी आऊटच होत नाही.