इंजिनाची आंघोळ

खामगावच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात अरुंद रुळांवर एक बुटकं इंजिन उभं होतं. एके काळी कापसाच्या गाठी ओढायचं. जुन्या काळचं डिझेल-इलेक्ट्रिक: डिझेल नुसता जनरेटर फिरवतं, त्याची वीज मोटरला जाते आणि मोटर चाकं ओढते. मी वडिलांकडून वाइंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार भरायचं काम, शिकले. शेतकऱ्यांचे जळालेले पंप भरून देण्यात जन्म गेला, इंजिनाशी गाठ पडली ती पहिल्यांदाच.

मालकांना आवार रिकामं करायचं होतं. म्हणाले, “शनिवारी भंगारवाला येनार हाय. त्याच्या आधी हे आपल्या पायानं फाटकापर्यंत आलं, तं तिथंच कायमचं उभं ठेवतो. मेलेली वस्तू मी दारात ठेवत नाही.”

इंजिनाचे जुने ड्रायव्हर काका शेजारीच होते. ऐंशी ओलांडलेले, निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रोज सायकल ढकलत यायचे आणि इंजिनाच्या पायरीवर बसायचे. मला बोलावलं तेही त्यांनीच. माझी पन्नाशी त्यांच्या हिशेबीच नव्हती.

“पोरी, चालन ना थे?”

मी जनरेटरची झाकणं खोलली, आत साचलेली रुई काढली आणि मेगर लावला. वाइंडिंगमधली वीज कुठे गळते का, ते मेगरचा काटा सांगतो. काटा झकास वर गेला. “चालते म्हंजे? धावते,” मी छाती ठोकून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता, म्हणून हत्यारं गोळा करून घाईनं घरी गेले.

दसरा झाल्यावर परत मेगर लावला, तर काटा शून्यावर. वायरी तपासल्या, पुन्हा लावला. शून्य! जळालं म्हणावं, तर इंजिन अजून सुरूच केलं नव्हतं. आत हात घातला तर बोटं ओली झाली.

“काका, इथं पानी कोनं टाकलं?”

“म्या. आंघोय घातली ना त्याले. दरसाली दसऱ्याले घालतो. चार बकेटा पानी, मंग हळद-कुंकू.” मग हळूच म्हणाले, “शेवटचा दसरा असला तं?”

माझं डोकंच फिरलं. “काका, अक्कल गहान ठेवली काय? विजेच्या वस्तूले कोनी आंघोय घालते काय?”

काका खाली बघत राहिले. मीही तिकडे बघितलं. जनरेटरची झाकणं रुळाशेजारी पडली होती, मी ठेवली होती तिथेच. काकांनी उभ्या नोकरीत आणि नंतरही दर दसऱ्याला त्या इंजिनाला न्हाऊ घातलं, पण झाकणं लागलेली असायची आणि थेंब आत जात नसे. यंदा झाकणं उघडी टाकून जाणारी मी, आणि बोलणी खाणारे ते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

“काका, चूक माही हाय,” मी म्हणाले. “शनिवारले दोन दिवस हायेत. वाळवू आपन.”

जनरेटर उचलून माझ्या दुकानातल्या भट्टीत नेणं शक्य नव्हतं. अशा वेळी वडील आत पिवळे बल्ब पेटवून ठेवत आणि वरून ताडपत्री घालत. पण हल्ली दुकानात सगळे एलईडी, उजेड देतात आणि ऊब देत नाहीत. शेवटी ओळखीच्या एका कोंबड्यांच्या शेडमधून पिल्लांना शेकायचे आठ बल्ब मागून आणले. काका पायरीवर बसून तासातासाला विचारायचे, “किती झालं, पोरी?” आणि मी तासातासाला चिडायची. शुक्रवारी दुपारपर्यंत काटा हलला नाही. संध्याकाळी थोडा उठला.

शनिवारी सकाळी तो पुरता वर आला. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात उभा होताच. काका आत चढले. डिझेल धडधडलं, काकांनी दांडा सरकवला. काहीच झालं नाही. मग चाकं करकरली आणि इंजिन निघालं, म्हशीच्या चालीनं, थेट फाटकापर्यंत. टेम्पोवाल्याला गाडी मागे घ्यावी लागली. मी तिथेच मातीत फतकल मारून बसले आणि रडले. पोरीचं लग्न पार पडलं तेव्हाही मला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला काका फाटकापाशी आले, ते हातात नुसतं कोरडं फडकं घेऊन.

“पुसून घेतो फक्त,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी झाकणांचे बोल्ट एक एक करून पान्यानं आवळून पाहिले. मग नळावर गेले, बादली काठोकाठ भरून आणली आणि काकांच्या पुढ्यात ठेवली.