राखेच्या खड्ड्याकाठची बाई

"ती बाई उचल तिथून, आई. आत्ताच्या आत्ता."

"का? उभी राहून दमली का ती?"

"चेष्टा नको गं. आता लोक येतील. माप बघ तिचं! वाकलीय, तरी धुराड्याएवढी दिसतेय."

"मग? इंजिन तू बारीक केलंस. त्यात तिचा काय दोष?"

डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन उघडायला थोडाच अवकाश होता, आणि मायलेकांचं हे चाललं होतं. रत्नदीपने दोन टेबलं जोडून वाफेच्या काळातलं कल्याणचं लोको शेड मांडलं होतं. मधोमध मालगाडीचं काळं डब्ल्यूजी इंजिन. पितळेचं, वीतभर लांब, संग्राहक जीव टाकतात असं. भोवती ड्रायव्हर, फायरमन, शेडमधले खलाशी मजूर, सगळे नखाएवढे. आणि राखेच्या खड्ड्याशी मंजुळाबाईंनी एक बाई खोचली होती. तारेची, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, हातात पाटी.

मंजुळाबाई आता सत्तरीच्या. लग्न होऊन कल्याणला आल्या तेव्हा नवऱ्याला आज काम, तर उद्या नाही. शेडच्या मागच्या भिंतीला भगदाड होतं. वस्तीतल्या बायका तिथून आत शिरायच्या. इंजिन खड्ड्यावर यायचं, खलाशी राख खाली पाडायचा, आणि तिच्यावर पाण्याचा पाइप फिरायच्या आत या बायका खड्ड्यात! भिजलेला कोळसा चहावाले घेत नसत. अर्धवट जळलेले तुकडे हातानेच वेचायचे, पाटी भरायची, पहारेकऱ्याची शिट्टी आली की भगदाड गाठायचं. मंजुळाबाईंच्या उजव्या मनगटावर अजून भाजल्याचा चकचकीत डाग आहे. बांगड्या भरणारी दर वेळी विचारते, आणि या दर वेळी वेगळ्याच इंजिनाचं नाव घेतात.

"बरं, मापाची करून देतोस?" त्यांनी विचारलं. "नखाएवढी? मग ही उचलते."

रत्नदीप इंजिनाचं धुराडं पुसायला लागला.

"बघ. मापाचं नायच ते."

"आई, लोक विचारतील ही कोण."

"सांग, माझी आई."

"आणि काय करतेय म्हणून सांगू? चोरी होती ती!"

पलीकडच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. "अहो, हळू ना," रत्नदीपची बायको स्वप्ना पुटपुटली.

मंजुळाबाईंनी आवाज चढवला. "फेकलेली राख होती, रत्नू! त्यातलं वेचलं मी. पळाले, पडले, भाजले, पण कोणापुढं हात नाय पसरला. तू तिथंच भिंतीपाशी खोक्यात झोपायचास. इंजिन कानाशी ओरडलं तरी हलायचा नाहीस. हे इंजिनाचं वेड तुला लागलं कुठनं? पुस्तकातनं?"

"मी कुठे नाही म्हणतोय? घरी ठेवू ना तिला. छान, शोकेसमध्ये."

"घरी मी आहे की. इथं नाय."

रत्नदीपने चिमटीत धरून ती बाई उपटली आणि आईच्या तळहातावर ठेवली. मंजुळाबाईंनी तिची चिंधी सारखी केली, वाकून तिला पुन्हा खड्ड्याशी रोवलं, या वेळी खोल. मग दोन्ही हातांनी रुळावरचं इंजिन उचललं.

"आई! सांभाळ! किती वर्षं शोधत होतो मी ते!"

"माहीताय. मीच तर ऐकत होते रोज." त्यांनी ते पदरात गुंडाळलं. "ती नसेल तर हे पण नसेल. प्रदर्शन संपेपर्यंत ती इथं राहिली, तर हे परत मिळेल. हिला उचललीस, तर हे पण गेलं."

हॉलचं दार उघडलं. पहिली माणसं आत आली ती थेट याच टेबलाकडे. समोर रिकामे रूळ, आणि त्यांच्याशेजारी सगळ्यांहून उंच ती एक वाकलेली बाई.

"अरे वा, ही कोण?" कुणीतरी विचारलं.

"आई," रत्नदीप दबक्या आवाजात म्हणाला, "काय सांगू मी यांना?"

मंजुळाबाईंनी पदर पोटाशी घट्ट धरला, येणाऱ्यांमधून वाट काढली आणि मागे न बघता दाराबाहेर गेल्या.